९ आठवड्यांना ठोके नाहीत म्हणाले. माझं काही चुकलं का, आणि आता पुढे काय करू?

प्राजक्ती_तळेगाव

नमस्कार सगळ्यांना, मी इथे नेहमी नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदा, त्यामुळे काही इकडचं तिकडे झालं तर समजून घ्या. वय २९, पहिलीच वेळ. तळेगावला राहतो, जॉब हिंजवडीला, कंपनीच्या बसने येजा. पाळी चुकली म्हणून घरी टेस्ट केली, पॉझिटिव्ह आली, सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी केली तर पिशवी दिसली, यॉक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी) दिसली पण मॅडम म्हणाल्या अजून लवकर आहे, ठोके पुढच्या वेळी दिसतील. काल गेलो, तारखेप्रमाणे ९ आठवडे, तर आतून केली सोनोग्राफी आणि डॉक्टर बराच वेळ काही बोलेचनात. मग म्हणाले वाढ ६ आठवडे ५ दिवसांनाच थांबलीये, गर्भाची लांबी ८ मिमी आहे आणि हार्टबीट नाहीये. मला ना पोटात दुखलं ना एक डाग पडला, मळमळ तर अजून आहे, मग हे कसं काय?? आमच्या मॅडम म्हणाल्या आठवड्याने परत बघू आणि तसंच असेल तर गोळ्या नाहीतर क्युरेटिंग (पिशवी आतून साफ करणं), तुम्ही दोघं ठरवा. असं कसं ठरवायचं मला कळत नाहीये.

घरी सासूबाई वाईट नाहीयेत पण त्यांचं सुरू झालं की मागच्या महिन्यात साताऱ्याला यात्रेला गेलीस ते नडलं, खंबाटकी घाटात गाडी किती आदळली, आणि लग्नाच्या पंगतीत फ्रूट सॅलडमध्ये पपई होती ती खाल्लीस. आई फोनवर म्हणते स्कूटर कशाला चालवायचीस. मी स्वतः पण रात्रभर हेच मोजतेय, त्या दिवशी गव्हाचा डबा उचलला होता, त्या दिवशी ऑफिसमध्ये बॉसशी भांडण झालं आणि खूप रडले होते. खरंच यातल्या कशाने झालं का, हे मला खरं खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

दुसरं म्हणजे गोळ्या की क्युरेटिंग की नुसतं थांबायचं. क्युरेटिंगने पिशवीला इजा होते, पुढे दिवस राहत नाहीत असं ऐकलंय. तिसरं, लॅबवाल्याने टॉर्च का काय ते पॅनेल करून घ्या म्हणून सांगितलं, महागडी आहे, करायची का? आणि ऑफिसला काय सांगू, तिथे कोणालाच माहीत नव्हतं, तीन महिने होईपर्यंत सांगायचं नाही म्हणून गप्प होतो, आता कोणत्या तोंडाने सुट्टी मागू.

---

गोदाकाठची

अगं प्राजक्ती, आधी एक, पाणी पी आणि चार घास खाऊन घे, कालपासून काही खाल्लं नसशील. मी नाशिकची. माझे दोन गेले आणि त्यानंतर मुलगी झाली, आता ती दुसरीत आहे. पहिल्या वेळी मलाही अगदी तुझ्यासारखंच, काही दुखलं नाही खुपलं नाही, सोनोग्राफीतच कळलं. मळमळ राहते काही दिवस कारण ते हार्मोन रक्तात असतं ना ते लगेच नाही उतरत, त्यामुळे शरीराला कळायला वेळ लागतो.

मेडिकलचं डॉक्टर लोक सांगतील, इथे एक डॉक्टर आहेत त्या लिहितात बऱ्याचदा. मी फक्त माझा दोन्हीचा अनुभव सांगते कारण तेव्हा मला कोणी धड सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी भूल देऊन केलं, सकाळी गेले संध्याकाळी घरी, दुखलं म्हणजे पाळीच्या दुसऱ्या दिवसाइतकं, आठवडाभर थोडं थोडं जात होतं. दुसऱ्या वेळी गोळ्या घेतल्या. गोळ्यांचं कोणी 'पाळीसारखंच असतं' म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस, पाळीपेक्षा पुष्कळ जास्त असतं, कळाच असतात त्या, माझं चार पाच तास जोरात चाललं, मोठमोठ्या गाठी पडल्या, थंडी वाजली, जुलाब झाले, आणि मग एकदम कमी झालं. घाबरण्यासारखं काही झालं नाही पण आधी माहीत असतं तर इतकी हादरले नसते. म्हणून गोळ्या घेणार असशील तर नवरा घरी पाहिजे, सगळ्यात मोठे रात्रीचे पॅड आणून ठेव, जुनी चादर, गरम पाण्याची पिशवी, दुखण्याची गोळी डॉक्टरांकडून आधीच लिहून घे, बाथरूमची कडी लावू नकोस कारण चक्कर येऊ शकते, आणि रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर फ्रिजवर लावून ठेव. आणि हो, त्यात पिशवीसारखं काही दिसू शकतं, तुला बघायचं नसेल तर नको बघूस, बघावंसं वाटलं तर त्यातही काही विचित्र नाही. मी बघितलं होतं.

दोन्ही वेळा ठीक झालं. कुठलं बरं हे मला विचारशील तर मला पहिलं बरं वाटलं, माझ्या जावेला गोळ्याच बऱ्या वाटल्या, तिला हॉस्पिटलची आणि भुलीची भीती होती.

---

आजीचा_बटवा

बाळा इतक्यात काही करून घेऊ नकोस. माझ्या भाचीला पण असंच सांगितलं होतं ठोके नाहीत म्हणून आणि पंधरा दिवसांनी आले, आता तो मुलगा दहावीला आहे. पलंगाच्या पायथ्याशी दोन विटा ठेवून पाय वर करून पडून राहा, उठायचं नाही, आणि गरम काही खायचं नाही. आमच्या वेळी हेच करायचे.

---

करवीर_स्त्रीरोग

प्राजक्तीताई, मी कोल्हापूरकडे प्रॅक्टिस करते, तुमचे रिपोर्ट बघितलेले नाहीत त्यामुळे तुमच्या मॅडमच्या शब्दाला माझ्यापेक्षा जास्त वजन द्या. लांब लिहितेय कारण हे प्रश्न रोज ओपीडीत येतात आणि तिथे पाच मिनिटांत नीट सांगणं होत नाही.

आधी तुमचा पहिला प्रश्न, कारण तोच तुम्हाला झोपू देत नाहीये. नाही. घाट, स्कूटर, बस, पंगतीतली पिकलेली पपई, गव्हाचा डबा, भांडण, रडणं, नवऱ्याबरोबर संबंध, यातल्या कशानेही सहाव्या सातव्या आठवड्यात वाढ थांबत नाही. बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. त्या वेळी गर्भ डाळीच्या दाण्याएवढा असतो आणि गर्भाशय अजून ओटीपोटाच्या हाडांच्या आत बसलेलं असतं, गाडीचे धक्के तिथपर्यंत पोचून काही तुटत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यातल्या साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त गर्भांमध्ये गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते, ४६ च्या जागी ४७ किंवा ४५. सोळाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असणं हे त्यात खूप वेळा सापडतं आणि तसं बाळ जन्माला येऊच शकत नाही. ही चूक बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होताना, म्हणजे दिवस राहायच्याही आधी झालेली असते. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही साताऱ्याला गेलात तेव्हा जे व्हायचं ते ठरून गेलेलं होतं. सासूबाईंना हेच वाक्य वाचून दाखवा हवं तर.

आणि हे किती जणींना होतं? दिवस गेल्याचं कळलेल्या दर १०० जणींमागे १० ते २०. वयाप्रमाणे वाढतं, तिशीच्या आत कमी, ३५ ला २० च्या आसपास, चाळिशीला ४०, कारण वयाबरोबर स्त्रीबीजातल्या त्या चुका वाढतात. तुमच्या इमारतीत, तुमच्या बसमध्ये अशा बायका नक्की आहेत, बोलत नाहीत इतकंच.

आता 'ठोके उशिरा आले' बद्दल. आजी, तुमच्या भाचीचं खरं असणार, असं होतं, कारण पाळी अनियमित असली की तारीख चुकते आणि आपण फार लवकर बघत असतो. म्हणूनच नियम मुद्दाम कडक ठेवलेत. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिमी किंवा जास्त आणि ठोके नाहीत, किंवा पिशवी सरासरी २५ मिमी किंवा जास्त आणि आत गर्भच नाही, तरच वाढ थांबली असं म्हणायचं. त्याच्या खाली असेल तर निदान करायचंच नाही, ७ ते १४ दिवसांनी परत बघायचं. ताई, तुमची लांबी ८ मिमी आहे, शिवाय पहिल्या सोनोग्राफीला पिशवी आणि यॉक सॅक दिसून तीन आठवडे होऊन गेलेत आणि तरी ठोके नाहीत, म्हणजे दोन्ही बाजूंनी उत्तर एकाच दिशेला जातंय. खोटी आशा देणं मला बरोबर वाटत नाही. पण तुमच्या मॅडमनी आठवड्याने परत बघू म्हटलंय ते अगदी योग्य आहे, या निर्णयाला घाई लागत नाही आणि स्वतःच्या डोळ्याने दुसऱ्यांदा बघितलं की मनाला शंका राहत नाही. दुसऱ्या सोनोग्राफीचा हट्ट कुणीही धरावा, त्यात कुठल्याही डॉक्टरने रागावण्यासारखं काही नाही.

विटा आणि पडून राहणं मात्र नको. डाग पडत असतानासुद्धा पडून राहिल्याने गर्भ टिकतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट फार दिवस झोपून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती वाढते. हे ज्यांना नुसते डाग पडतायत त्यांच्यासाठी पण लिहून ठेवते: पहिल्या तीन महिन्यांत चारातल्या एकीला थोडंफार रक्त जातं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं पुढे सुरळीत होतं. डाग म्हणजे संपलं असं नाही, पण दाखवायचं लगेच, कारण गर्भनळीतलं गरोदरपण असेल तर ते जिवावरचं असतं. एका बाजूला जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, घेरी येणं, यातलं काही असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

आता पर्याय. तीन आहेत आणि तब्येत ठीक असेल तर तिन्ही सुरक्षित आहेत, त्यामुळे 'तुम्ही ठरवा' हे टाळाटाळीतून आलेलं नाही, खरंच तुमच्या मनावर आहे.

थांबायचं असेल तर निसर्गतः बाहेर पडतं, पुरेसा वेळ दिला, म्हणजे अगदी आठ आठवड्यांपर्यंत, तर १०० पैकी ८० जणींचं. पण कधी सुरू होईल ते सांगता येत नाही, तुम्ही बसमध्ये असाल, ऑफिसात असाल, आणि वाढ थांबूनही काहीच सुरू झालेलं नाही अशा तुमच्यासारख्या केसमध्ये थांबावं जास्त लागतं. ज्यांना औषध नको वाटतं त्या थांबतात आणि चालतं.

गोळ्यांचं गोदाकाठची यांनी लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की मी त्यात काय भर घालू. एवढंच की आदल्या दिवशी मिफेप्रिस्टोन देऊन मग मिसोप्रोस्टॉल दिलं तर जास्त जणींचं एका फेरीत पूर्ण होतं, २०१८ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात नुसत्या मिसोने ६७ टक्के आणि दोन्ही मिळून ८४ टक्के असं आलं होतं. मॅडमना विचारा त्या कसं देतात. डोस मी मुद्दाम लिहीत नाही कारण मेडिकलमधून स्वतः आणून घेणाऱ्या मुली रक्तबंबाळ होऊन येतात, ते कृपा करून कोणी करू नका.

तिसरं ज्याला सगळे क्युरेटिंग म्हणतात. तुम्ही ऐकलेली भीती पूर्ण खोटी नाही पण जुनी आहे. पूर्वी धातूच्या धारदार क्युरेटने खरवडायचे, त्याने विशेषतः परत परत केलं तर आतल्या अस्तराला चिकटे यायचे आणि पुढे पाळी कमी होणं, दिवस न राहणं असं होऊ शकायचं. आता हवेच्या दाबाने ओढून घेण्याची पद्धत आहे, सक्शन, हाताच्या सिरिंजने केलं तर एमव्हीए म्हणतात, दहा पंधरा मिनिटांचं काम. जागतिक आरोग्य संघटनेचं गेली कित्येक वर्षं हेच सांगणं आहे की धारदार क्युरेट वापरू नका, सक्शन करा. तुम्ही सरळ विचारा: 'मॅडम, सक्शन करणार ना?' हा प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे.

टॉर्च, म्हणजे ठरावीक इन्फेक्शनची रक्ततपासणी, नका करू. एका गर्भपातानंतर तर नाहीच, आणि वारंवार होणाऱ्यांमध्येही त्या पॅनेलचा उपयोग नाही, तरी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते आणि मग जुन्या कुठल्या तरी इन्फेक्शनचा आयजीजी पॉझिटिव्ह येतो आणि बाई वर्षभर घाबरून औषधं खाते. मला याचा फार राग येतो. पहिल्या वेळेनंतर फार तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर बघा. दोनदा झालं तर मग नीट तपासणी सुरू करायची: अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (रक्तात गुठळ्या करणारी प्रतिपिंडं, या १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह आल्या तरच धरायच्या), गर्भाशयात पडदा वगैरे आहे का ते बघायला थ्रीडी सोनोग्राफी, आणि गरज वाटली तर दोघांचं कॅरिओटाइप (रक्तातून गुणसूत्रांची तपासणी). त्या अँटीबॉडी निघाल्या तर पुढच्या वेळी ॲस्पिरिन आणि हेपॅरिनच्या इंजेक्शनने पुष्कळ फरक पडतो, म्हणून ती तपासणी महत्त्वाची.

पुढच्या वेळचं आत्ता विचारलं नाहीत पण विचाराल. पाळी ४ ते ६ आठवड्यांत येते. सहा महिने थांबा असं पूर्वी सांगायचे, नंतरच्या अभ्यासांत लवकर दिवस राहिल्याने तोटा दिसलेला नाही, एक पाळी येऊ दे म्हणजे तारीख मोजायला सोपं जातं, बाकी मन कधी तयार होतं ते बघा. फॉलिक ॲसिड चालू ठेवा. एकदा असं झालेल्या बहुतेक जणींचं पुढचं गरोदरपण नीट पार पडतं.

---

प्राजक्ती_तळेगाव

मॅडम किती लिहिलंत तुम्ही, मी तीनदा वाचलं आणि नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो सातारा आणि स्त्रीबीजाचा भाग मी सासूबाईंना वाचून दाखवला, त्या काही बोलल्या नाहीत पण रात्री वरण भात स्वतः आणून दिला. गोदाकाठची ताई तुझी यादी लिहून घेतली.

एक राहिलं, माझा ब्लड ग्रुप बी निगेटिव्ह आहे, नवऱ्याचा ओ पॉझिटिव्ह. फाइलवर लिहिलंय पण त्याबद्दल काही बोलणं झालं नाही. त्याचा काही संबंध असतो का? त्यामुळे झालं असेल का?

---

करवीर_स्त्रीरोग

त्यामुळे झालेलं नाही, पहिल्या गरोदरपणात त्याचा त्रास होत नाही. पण बरं झालं सांगितलंत. बाळाच्या पॉझिटिव्ह पेशी तुमच्या रक्तात शिरल्या तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि त्याचा त्रास पुढच्या बाळाला होतो, म्हणून अँटी-डी इंजेक्शन देतात, ७२ तासांच्या आत. सक्शन झालं तर ते घ्यायचंच. नुसत्या गोळ्यांनी इतक्या लवकरच्या आठवड्यात झालं तर इंग्लंडच्या नाइस संस्थेच्या सूचनांप्रमाणे देत नाहीत, आपल्याकडे बरेच डॉक्टर देतात, मीही देते. फाइल घेऊन जाल तेव्हा पहिलं वाक्य हेच बोला, 'मी निगेटिव्ह आहे'. छोट्या गावात ते इंजेक्शन दर वेळी स्टॉकमध्ये नसतं, आधी मागवून ठेवायला सांगा.

---

आशाताई_बीड

ताई तुमचं वाचून वाईट वाटलं. मी बीड जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. डॉक्टर मॅडम बोलल्या ते बरोबर आहे की घाटाने न् स्कूटरने काही होत नाही, पण मला एक वेगळं सांगायचंय कारण हे वाचणाऱ्या सगळ्याच काय बसने ऑफिसला जाणाऱ्या नसतील. आमच्याकडच्या बाया दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कोयत्यावर म्हणजे नवरा बायको मिळून उचल घेतलेली असते, पोटात असलं तरी पहाटेपासून तोड करायची आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, एक दिवस गेली नाही तर खाडा धरतात न् पैसे कापतात. पाणी नाही, संडास नाही, अंगावर रक्त जात असलं तरी सांगायला जागा नाही. असं महिनोन्महिने ओझं उचलणं आणि एकदा गव्हाचा डबा उचलणं यात लई फरक आहे. ऊसतोडीच्या बायांच्या पिशव्या (गर्भाशय) काढण्याचा विषय २०१९ ला विधिमंडळात गाजला, पण फडावर खाली होणाऱ्या पोटांची नोंद बी होत नाही, बाई दोन दिवसांनी परत कोयता घेते.

दुसरं म्हणजे मिश्री. आमच्याकडं सकाळी मिश्री लावल्याशिवाय बाईला चालत नाही, सासू सून दोघी लावतात, ती तंबाखूच आहे, जाळलेली. पोटातल्या बाळाला ती वाईटच. पपई बंद करतात न् मिश्री चालू ठेवतात, मी घरोघर हेच सांगत फिरते. आणि ताप, मलेरिया, शुगर अंगावर काढायची नाही.

रक्त जास्त जायला लागलं, म्हणजे तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतात न् असं दोन तास चाललं, नाहीतर ताप थंडी, घाण वास, डोळ्यापुढं अंधारी, तर १०८ ला फोन करायचा, गाडी फुकट येते. लाजायचं नाही. मी दोन बायांना रात्री घेऊन गेलेय, दोघी वाचल्या. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला थांबायला वेळ नसतो.

---

सह्याद्रीचा_वाटसरू

इथे पुरुष कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय, प्राजक्तीताईंच्या मिस्टरांसाठी. आमचं ११ व्या आठवड्यात गेलं. तेव्हा मला प्रत्येकाने विचारलं 'वहिनी कशा आहेत', ते बरोबरच आहे, पण मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडून मग वर जायचो. दादा, रडू आलं तर बायकोसमोर रडा, तिला वाटत राहतं की आपल्यालाच एकटीला लागलंय. आमच्या हिला माझे डोळे लाल बघून उलट बरं वाटलं होतं असं ती नंतर म्हणाली.

बाकी कामाचं: नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका. एकदाच सगळ्यांना मेसेज, असं झालंय, तब्येत ठीक आहे, थोडे दिवस फोन नको. आणि आईशी तुम्ही बोला, सुनेने बोलायचं नाही. मुलगा बोलला की ऐकतात. 'पुढच्या वेळी होईल', 'लवकर गेलं ते बरं', ही वाक्यं लोक चांगल्या मनाने म्हणतात पण त्या दिवसांत ती सुरीसारखी लागतात, तुम्ही घरात तरी ती येऊ देऊ नका. दुसरं, ती डिलिव्हरीची जी तारीख डॉक्टरांनी दिली होती ना ती लक्षात ठेवा, त्या आठवड्यात तिला एकटी सोडू नका.

दोन तीन आठवड्यांनंतरही झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही असं राहिलं, तुमचं किंवा तिचं, तर टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

---

कामगार_कायदा

सुट्टीचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मी एचआरमध्ये आहे. कोणत्या तोंडाने मागू वगैरे अजिबात नको, तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात कलम ९ प्रमाणे गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा होती, दुसऱ्या दिवसापासून मोजायची. आता हा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कलम ६५ मध्ये घेतलाय पण सहा आठवडे तसेच आहेत. त्या सहा आठवड्यांत कंपनीने जाणूनबुजून कामावर बोलवायचंच नाही असंही त्यात आहे. त्यानंतर त्यातूनच आजारपण आलं तर आणखी एक महिन्यापर्यंत मिळू शकते. १० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला हे लागू होतं, ईएसआय (सरकारी कामगार विमा) असेल तर तिकडूनही सहा आठवडेच.

आधी प्रेग्नन्सी कळवली नव्हती याने काही बिघडत नाही. डॉक्टरांचं सर्टिफिकेट किंवा डिस्चार्ज कार्ड लागतं. मॅनेजरला तपशील सांगायची गरज नाही, एचआरला मेल करा, 'वैद्यकीय कारणासाठी सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६५ ची रजा, कागद सोबत', बस. पुष्कळ मुली स्वतःची सिक लीव्ह नाहीतर प्रिव्हिलेज लीव्ह घालवतात आणि चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडून बसतात, कारण त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. ही रजा घ्या.

---

प्राजक्ती_तळेगाव

आज दुसरी सोनोग्राफी झाली. लांबी तेवढीच, ठोके नाहीत. माहीत होतं तरी रडले खूप, पण या वेळी स्क्रीन स्वतः बघितली आणि आता मनात 'राहून गेलं असेल का' असं नाहीये.

आम्ही सक्शन ठरवलंय, परवा सकाळी. मला घरी गोळ्या घेऊन वाट बघणं झेपणार नाही असं वाटलं. मॅडमना विचारलं सक्शनच ना, त्या हो म्हणाल्या, अँटी-डी पण मागवून ठेवलंय. एचआरला मेल केला, तासाभरात उत्तर आलं की मंजूर. आई येतेय राहायला.

आता एकच विचारायचंय, मॅडम म्हणाल्या हवं असेल तर तपासणीला पाठवू, गुणसूत्रांची टेस्ट, खर्च बराच आहे. करावी का? आणि परवा जाताना काय लक्षात ठेवू?

---

करवीर_स्त्रीरोग

पहिल्या वेळी गुणसूत्रांची टेस्ट करायलाच पाहिजे असं नाही, त्याने उपचार बदलत नाहीत. काही जोडप्यांना कारण कळलं की मन हलकं होतं, त्यांनी खुशाल करावी, पण उधार उसनवार करून नाही. करणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नमुना साध्या सलाइनमध्ये ठेवायचा, फॉर्मॅलिनमध्ये टाकला की गुणसूत्रांची टेस्ट नीट होत नाही, आणि गडबडीत नेहमी फॉर्मॅलिनमध्येच टाकला जातो. साधी हिस्टोपॅथ (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) मात्र जरूर पाठवा, ती स्वस्त असते, द्राक्षगर्भ (नीट गर्भाऐवजी वारेच्या पेशींची द्राक्षांसारखी वाढ) नाही ना ते कळतं, कारण तो निघाला तर पुढे रक्ताच्या तपासण्या करत राहावं लागतं. हिस्टोपॅथला फॉर्मॅलिन लागतं, म्हणजे दोन्ही करणार असाल तर दोन वेगळ्या डब्या.

परवा भूल असेल तर सांगतील तितके तास पोटात काही नको, पाणी कधीपर्यंत चालेल ते आज फोन करून विचारून घ्या. ब्लड ग्रुपचा कागद, दोन्ही सोनोग्राफीचे रिपोर्ट, कशाची ॲलर्जी असेल तर ती, सैल कपडे, मोठे पॅड. सोबत कोणीतरी हवंच, गाडी स्वतः चालवून परत यायचं नाही. निघताना डिस्चार्ज कार्डवर तारीख, आठवडे, अँटी-डी दिल्याची नोंद, आणि सक्शन केल्याचं लिहून घ्या, पुढच्या गरोदरपणात तो कागद लागतो आणि रजेलाही तोच चालतो. नंतर रक्त जायचं थांबेपर्यंत संबंध नको, पोहणं नको, टॅम्पॉन नको. घरची प्रेग्नन्सी टेस्ट काही आठवडे पॉझिटिव्ह येत राहू शकते, लगेच करून घाबरू नका. तीन आठवड्यांनंतरही पॉझिटिव्ह असेल तर मॅडमना दाखवा.

---

गोदाकाठची

प्राजक्ती, परवा दुपारनंतर जमेल तेव्हा दोन शब्द टाक गं, नुसतं 'झालं, घरी आले' एवढं लिहिलंस तरी चालेल. आणि आईला सांग डिंकाचे लाडू वगैरे आठवडाभराने, पहिले दोन दिवस मऊ भात, मुगाचं वरण आणि भरपूर पाणी. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या लिंबूपाण्याबरोबर घे, चहाबरोबर नको.